ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम : पक्षिसंग्राहक, वनस्पतिसंग्राहक आणि नोंदींच्या जतनाचा प्रश्न

हिंदुस्थानच्या राजकीय इतिहासात ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे नाव राष्ट्रीय सभेच्या स्थापनेमुळे सर्वपरिचित आहे. शालेय पाठ्यपुस्तकांत त्यांच्याविषयी दोन-तीन ओळी येतात आणि तेथेच त्यांचा परिचय संपतो. हेच ह्यूम एकोणिसाव्या शतकात भारतीय पक्ष्यांचे सर्वांत मोठे संग्राहक होते आणि आयुष्याच्या अखेरच्या दशकात त्यांनी वनस्पतींचा मोठा संग्रह उभारून तो लोकांना अर्पण केला, ही माहिती मराठी वाचकांना फारशी नसते. सनदी अधिकारी, पक्षिशास्त्रज्ञ, राजकीय संघटक आणि वनस्पतिसंग्राहक अशा चार भूमिका त्यांनी ८३ वर्षांच्या आयुष्यात पार पाडल्या. वरवर पाहता या भूमिकांचा एकमेकींशी संबंध दिसत नाही. परंतु त्यांच्या कार्यपद्धतीचा विचार केल्यास चारही ठिकाणी एकच रीत आढळते. दूरदूरच्या सामान्य माणसांकडून बारकाईने नोंदी मिळवायच्या, त्या एका ठिकाणी लावून ठेवायच्या आणि सर्वांना उपलब्ध करून द्यायच्या, अशी ही रीत होती. या रीतीने काय साधले आणि ती जेथे अपुरी पडली तेथे काय गमावले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

प्रारंभिक जीवन आणि इटावा

ह्यूम यांचा जन्म इ. स. १८२९ च्या जून महिन्यात इंग्लंडमधील केंट परगण्यात झाला. त्यांचे वडील जोसेफ ह्यूम हे ब्रिटिश पार्लमेंटमधील सुधारणावादी सभासद होते. सरकारी खर्चाचा हिशेब मागणारा सभासद म्हणून त्यांची ख्याती होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलीबरी येथील महाविद्यालयात आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयात शिक्षण घेऊन ॲलन ह्यूम १८४९ मध्ये हिंदुस्थानात आले आणि बंगाल सनदी सेवेत रुजू झाले. आजच्या उत्तर प्रदेशातील इटावा जिल्हा हे त्यांचे पहिले महत्त्वाचे कार्यक्षेत्र ठरले.

इटाव्यात त्यांनी प्राथमिक शिक्षणाकडे विशेष लक्ष दिले. १८५७ पर्यंत जिल्ह्यात १८१ शाळा सुरू झाल्या होत्या आणि त्यांत ५,१८६ विद्यार्थी शिकत होते. त्यांपैकी मुली फक्त दोन होत्या. हा आकडा लहान असला तरी तो स्वतंत्रपणे नोंदवला गेला, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पुढे त्यांनी इटाव्यात एक हायस्कूलही उभारले. दारूवरील कराचे उत्पन्न त्यांना मान्य नव्हते. ते उत्पन्न म्हणजे पापाची कमाई आहे, असे मत त्यांनी सरकारी लेखनात निर्भीडपणे मांडले.

१८५७ च्या उठावात त्यांना इटावा सोडून आग्र्याच्या किल्ल्यात आश्रय घ्यावा लागला. १८५८ च्या आरंभी ते परत आले. उठावाला इंग्रजांच्याच चुका कारणीभूत होत्या, असे त्यांचे मत होते. सूडाच्या त्या काळातही त्यांनी शिक्षा देताना पुष्कळसा संयम पाळला. त्यांच्या हुकुमाने फाशी दिलेल्यांची संख्या सात होती. या धामधुमीत त्यांचे एक खासगी नुकसानही झाले. इटाव्यात त्यांनी जमवलेला पक्ष्यांचा पहिला संग्रह पूर्णपणे नष्ट झाला. त्यानंतर त्यांनी नव्याने सुरुवात केली. आता हौसेने पक्षी जमवण्याऐवजी संपूर्ण हिंदुस्थानच्या पक्ष्यांची पद्धतशीर नोंद करण्याचा संकल्प त्यांनी केला.

मिठाचे कुंपण

१८६७ मध्ये ह्यूम यांची नेमणूक अंतर्गत जकात खात्याचे आयुक्त म्हणून झाली. त्या काळी मिठावरील कर बुडू नये म्हणून इंग्रज सरकारने देशाच्या मध्यातून एक जकातरेषा आखली होती. १८६९ च्या सुमारास ही रेषा सिंधू नदीपासून महानदीपर्यंत सुमारे २,३०० मैल पसरली होती आणि तिच्यावर जवळजवळ १२,००० माणसे पहारा देत होती. या रेषेच्या मोठ्या भागावर काटेरी कुंपण होते. पंजाबातील लय्यापासून खानदेशाच्या सीमेजवळील बुऱ्हाणपूरपर्यंत हे कुंपण पोहोचले होते.

सुरुवातीस हे कुंपण वाळलेल्या काटेरी फांद्यांचे असे. वाळवी, आग आणि वादळ यांमुळे ते वारंवार नष्ट होई. एक मैल सुक्या कुंपणासाठी सुमारे २५० टन काटेरी झाडोरा वाहून आणावा लागतो, असा हिशेब ह्यूम यांनी मांडला. त्याऐवजी जिवंत झाडांचे कुंपण वाढवावे, हा आग्रह त्यांनी धरला. कोणत्या जमिनीत आणि किती पावसात कोणते झुडूप तग धरते, याचे प्रयोग त्यांच्या कारकिर्दीत झाले. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, थोर अशा झाडांची निवड स्थानिक हवामान पाहून करण्यात आली. वनस्पतींच्या व्यावहारिक अभ्यासाचा एवढा मोठा प्रसंग त्यांना पूर्वी आला नव्हता.

याच दौऱ्यांत त्यांनी उत्तर हिंदुस्थानातील पक्ष्यांचे असंख्य नमुने जमवले. मात्र या कुंपणाचा हेतू विसरता येत नाही. गोरगरिबांच्या ताटातील मीठ महाग ठेवण्यासाठी ते उभे होते. ह्यूम यांच्या निसर्गज्ञानाचा एक भाग अशा अन्याय्य व्यवस्थेच्या सेवेत वाढला, हे त्यांच्या चरित्रकाराने नोंदवलेच पाहिजे. दुसऱ्या बाजूने, सांभर सरोवराच्या मिठाबाबत राजपुतान्यातील संस्थानांशी त्यांनी वाटाघाटी केल्या. मीठ जेथे तयार होते तेथेच कर घेण्याची व्यवस्था अशा करारांमुळे शक्य झाली आणि १८७९ मध्ये जकातरेषा व तिचे कुंपण सोडून देण्यात आले. मिठावरील कर मात्र पुढेही कायम राहिला.

सिमल्याचे संग्रहालय

१८७१ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी महसूल, कृषी आणि व्यापार हे नवे खाते निर्माण केले. ह्यूम त्याचे सचिव झाले. सरकारी कचेऱ्यांसह उन्हाळ्यात सिमल्याला मुक्काम असे. तेथे जाखू टेकडीवर त्यांनी रॉथनी कॅसल नावाचा बंगला घेतला आणि त्यातच आपले पक्षिसंग्रहालय उभारले. देशविदेशातील अभ्यासक ते पाहण्यास येत. भारतीय पक्षिशास्त्राचे पोप असा त्यांचा उल्लेख त्या काळी होऊ लागला.

हा संग्रह एका माणसाच्या बंदुकीने जमलेला नव्हता. मोठे दौरे ह्यूम यांनी स्वतः केले. १८७३ मध्ये ते अंदमान-निकोबारला गेले, त्यानंतर लक्षद्वीप बेटांकडे आणि १८८१ मध्ये मणिपूरला गेले. नारकोंडम बेटावरील धनेश आणि मणिपुरी लावा हे पक्षी शास्त्रास प्रथम त्यांच्याच लेखनातून ज्ञात झाले. परंतु संग्रहाचा खरा आधार म्हणजे देशभर पसरलेले वार्ताहर होते. लष्करी अधिकारी, अभियंते, वनाधिकारी, डॉक्टर, जिल्हाधिकारी, मिशनरी अशा लोकांना ह्यूम पत्रे लिहीत, प्रश्न विचारीत आणि आपल्या भागातील पक्ष्यांची यादी पाठवण्यास सांगत. पक्ष्याची कातडी कशी सोलावी, अंडी व घरटी कशी बांधावीत, नमुन्यासोबत कोणती माहिती लिहावी, याविषयी त्यांनी १८७४ मध्ये संग्राहकांसाठी एक व्यावहारिक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. ठिकाण, तारीख आणि नर की मादी या तीन गोष्टींवाचून नमुन्याला किंमत नाही, या नियमावर संग्रहशास्त्र उभे असते. त्याचे पालन ह्यूम काटेकोरपणे करीत.

या वार्ताहरांचे लेखन छापण्यासाठी त्यांनी १८७२ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक सुरू केले. त्याचे अकरा खंड निघाले. मराठी प्रदेशाच्या दृष्टीने हे खंड फार मोलाचे आहेत. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमधील सॅम्युअल फेअरबँक यांनी खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव आणि अहमदनगर या भागांतील पक्ष्यांची यादी १८७६ मध्ये याच नियतकालिकात दिली. जी. व्हायडल यांनी दक्षिण कोकणातील, ई. ए. बटलर यांनी दख्खन व दक्षिण महाराष्ट्रातील आणि जेम्स डेव्हिडसन यांनी पश्चिम खानदेशातील पक्ष्यांच्या याद्या येथेच छापल्या. बेळगावच्या परिसरात दीडशे वर्षांपूर्वी कोणते पक्षी होते, हे आज ज्या कागदपत्रांवरून कळते, त्यांत या याद्यांचे स्थान अग्रभागी आहे.

या साऱ्या कार्यात एक मोठी उणीव राहिली. रानवाटा दाखवणारे, घरटी शोधून देणारे, रात्र-रात्र बसून कातडी सोलून त्यांत भर घालणारे लोक बहुतांशी हिंदी होते. नमुन्याच्या चिठ्ठीवर संग्राहक म्हणून साहेबाचे नाव येते. ज्याने पक्षी प्रत्यक्ष शोधला त्याचे नाव सहसा येत नाही. नोंदीविषयी एवढा दक्ष असलेला काळ माणसांच्या नोंदीबाबत इतका उदासीन होता.

रद्दीत गेलेली हस्तलिखिते

ह्यूम यांचे अंतिम उद्दिष्ट भारतीय पक्ष्यांचा एक सर्वांगपूर्ण ग्रंथ लिहिणे हे होते. ‘नेस्ट्स अँड एग्ज ऑफ इंडियन बर्ड्स’ हा १८७३ ते १८७५ या काळात निघालेला ग्रंथ त्यांनी केवळ कच्चा मसुदा म्हणून छापला. पुढील काळात ते त्यात सतत भर घालत राहिले.

दरम्यान त्यांच्या सरकारी कारकिर्दीला धक्का बसला. शेतीचे खाते शेतीसाठी चालावे, महसूल वाढवण्याचे साधन होऊ नये, हे त्यांचे मत वरिष्ठांना रुचले नाही. १८७९ मध्ये त्यांनी कृषिसुधारणेवर पुस्तिका लिहिली. शेतातील तण काढण्याच्या बाबतीत उत्तर हिंदुस्थानचा शेतकरी युरोपातील शेतकऱ्याला मागे टाकतो, असे त्यांनी तीत नमूद केले. शेणाच्या गोवऱ्या जाळल्या जातात म्हणून जमिनीला खत मिळत नाही, यासाठी गावोगावी जळणाची झाडे लावावीत, अशी सूचनाही त्यांनी केली. त्याच वर्षी त्यांना सचिवपदावरून दूर करून अलाहाबादच्या महसूल मंडळावर पाठवण्यात आले. १८८२ मध्ये ते सेवानिवृत्त झाले.

यानंतरच्या काळात घडलेली एक घटना त्यांच्या पक्षिशास्त्रीय जीवनाला निर्णायक ठरली. एका हिवाळ्यात ह्यूम सिमल्याबाहेर असताना त्यांच्या एका नोकराने संग्रहालय फोडले आणि कित्येक मण वजनाची हस्तलिखिते रद्दी म्हणून विकून टाकली. त्यांत सुमारे ७०० जातींच्या पक्ष्यांची कमी-अधिक पूर्ण झालेली जीवनवर्णने होती. ही चोरी अनेक महिने कोणाच्या लक्षातच आली नाही. पुढे शोध घेतला तेव्हा फार थोडे कागद परत मिळाले. मोठ्या आकाराच्या कागदांवर लिहिलेले जवळजवळ सर्व लेख गेले होते. लहान चिठ्ठ्यांवरील टिपणे तेवढी जागेवर राहिली होती. रद्दीच्या दृष्टीने त्यांना मोल नव्हते.

या चिठ्ठ्यांचे पुढे काय झाले, हे पाहणे उद्‍बोधक आहे. ब्रह्मदेशात सेवेत असलेले पक्षिशास्त्रज्ञ यूजीन ओट्स यांनी उरलेली टिपणे हाती घेतली आणि ‘नेस्ट्स अँड एग्ज’ची दुसरी आवृत्ती १८८९-९० मध्ये तीन खंडांत संपादित केली. विस्ताराने लिहिलेली पाने गेली आणि सुटी टिपणे टिकली. ती टिकल्यामुळेच दुसऱ्या अभ्यासकाला पुढचे काम करता आले.

संग्रहाचे दान

हस्तलिखितांच्या हानीने ह्यूम यांचे मन पक्षिशास्त्रातून उडाले. अतिवृष्टीने डोंगर खचून संग्रहालयाचेही नुकसान झाले. याच सुमारास थिऑसफीच्या प्रभावाने ते शाकाहारी झाले होते आणि नमुन्यांसाठी पक्षी मारणे त्यांनी सोडले होते. संपूर्ण संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमला विनामूल्य देण्याची तयारी त्यांनी दाखवली. संग्रहालयातील पक्षितज्ज्ञ रिचर्ड बाउडलर शार्प यांनी स्वतः येऊन तो बांधून न्यावा, अशी त्यांची अट होती. म्यूझियमने ती लवकर मनावर घेतली नाही. या दिरंगाईच्या काळात कातडी खाणाऱ्या किड्यांनी सुमारे २०,००० नमुने खराब केले आणि ते नष्ट करावे लागले.

अखेर १८८५ मध्ये शार्प सिमल्यास आले. खिळ्यांनी नमुने फाटू नयेत म्हणून देवदार लाकडाच्या बिनखिळ्यांच्या ४७ पेट्या जागेवरच तयार करण्यात आल्या. प्रत्येक पेटीचे वजन सुमारे अर्धा टन होते. डोंगर उतरून त्या बैलगाड्यांनी कालक्यापर्यंत आणि तेथून मुंबई बंदरात गेल्या. सुमारे ८२,००० नमुने लंडनला पोहोचले. त्यांपैकी ७५,५७७ नमुने संग्रहात दाखल झाले. नवीन जातींचे वर्णन ज्या नमुन्यांवरून झाले असे २५८ मूळ नमुने त्यांत होते.

आज हा संग्रह इंग्लंडमधील ट्रिंग येथे आहे. हिंदुस्थानच्या पक्ष्यांचा सर्वांत मोठा ऐतिहासिक संग्रह हिंदुस्थानात नाही, याची खंत भारतीय अभ्यासकांना वाटणे स्वाभाविक आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना १८८३ मध्ये झाली होती, पण ती तेव्हा अगदी बाल्यावस्थेत होती. एवढा संग्रह सांभाळणारी दुसरी सोय ह्यूम यांच्या दृष्टीसमोर नव्हती. वसाहतीचे धन मायदेशी नेण्याची त्या काळची प्रवृत्ती आणि येथील सांभाळणाऱ्या संस्थांचा अभाव, अशी दोन्ही कारणे यामागे दिसतात.

राष्ट्रीय सभा आणि मुंबई

ज्या वर्षी पक्ष्यांच्या पेट्या मुंबई बंदरातून रवाना झाल्या, त्याच वर्षीच्या अखेरीस ह्यूम यांचे दुसरे कार्य मुंबईतच आकारास आले. १ मार्च १८८३ रोजी त्यांनी कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीधरांना उद्देशून एक पत्रक काढले होते. देशभरातील सुशिक्षितांशी त्यांचा पत्रव्यवहार वाढत गेला. पक्ष्यांच्या बाबतीत त्यांनी जी पद्धत वापरली होती, तिचेच हे राजकीय रूप होते. राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन पुण्यास भरायचे होते. परंतु तेथे पटकीची साथ आल्याने ते मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत महाविद्यालयात २८ डिसेंबर १८८५ रोजी सुरू झाले. ७२ प्रतिनिधी उपस्थित होते आणि त्यांत रहिमतुल्ला सयानी हेही होते. १८८७ च्या मद्रास अधिवेशनाचे अध्यक्षपद बद्रुद्दीन तय्यबजी यांनी भूषवले. मुस्लिम समाजाच्या सहभागाबाबत तय्यबजी आणि ह्यूम यांच्यात झालेला पत्रव्यवहार इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे.

तय्यबजी परिवाराचा पक्षिशास्त्राशीही एक वेगळा संबंध आहे. डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) यांचे बालपण त्यांचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या मुंबईतील घरी गेले. १९०८ मध्ये पिवळ्या गळ्याच्या चिमणीची ओळख पटवण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, तेव्हा डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी त्यांना संग्रहातील नमुने दाखवले. पुढे १९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांचे सर्वेक्षण केले. भारतातील पक्षिअभ्यासाच्या इतिहासावर त्यांनी १९७८ चे आझाद स्मृती व्याख्यान दिले. ह्यूम यांच्या पिढीने घातलेल्या पायावर भारतीय अभ्यासकांनी स्वतःची परंपरा उभारली. मृत कातडीपेक्षा जिवंत पक्ष्याच्या निरीक्षणाला सलीम अली यांनी जे महत्त्व दिले, ते या परंपरेतील पुढचे पाऊल होते.

वनस्पतींचा संग्रह

ह्यूम यांनी १८९४ मध्ये हिंदुस्थान कायमचा सोडला आणि ते लंडनच्या दक्षिण भागात अपर नॉरवुड येथे राहू लागले. बागकामाची आवड सिमल्यापासून होती. आता त्यांचे लक्ष रानटी वनस्पतींकडे वळले. १९०१ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांनी डब्ल्यू. एच. ग्रिफिन यांच्या साहाय्याने वनस्पतींचा शुष्क संग्रह करण्यास पद्धतशीर आरंभ केला. डार्विन राहत असलेल्या डाउन गावाच्या परिसरात जाऊन त्यांनी दुर्मीळ आमरींचा शोध घेतला. कागदावर वनस्पती मांडताना तिचे फूल, पान, खोड नैसर्गिक रीतीने दिसावे याची ते विशेष काळजी घेत.

वनस्पतिशास्त्रावर त्यांनी फारच थोडे लिहिले. १९०१ च्या सुमारास हिमालयी तेरड्यावर त्यांनी एक लहानसे टिपण प्रसिद्ध केले. ही वनस्पती बागेची शोभा म्हणून हिमालयातून इंग्लंडमध्ये नेण्यात आली होती. पुढे ती बागांतून निसटून नदीकाठी पसरली आणि आज ब्रिटनमध्ये ती उपद्रवी परकी वनस्पती मानली जाते. ज्यांची उमेदीची वर्षे हिमालयाच्या सान्निध्यात गेली, त्या संग्राहकाने तिची इंग्लंडमध्ये दखल घ्यावी, हा योगायोग नोंद घेण्यासारखा आहे.

वनस्पतिसंग्रहाच्या बाबतीत ह्यूम यांनी पूर्वीची चूक टाळली. संग्रह आपल्या घरात ठेवून शेवटी त्यासाठी आसरा शोधण्याऐवजी त्यांनी जिवंतपणीच त्यासाठी संस्था उभी केली. १९१० मध्ये लंडनच्या नॉरवुड रोडवर एक घर विकत घेऊन तेथे त्यांनी साउथ लंडन बोटॅनिकल इन्स्टिट्यूट स्थापन केली. तेथे वनस्पतिसंग्रह आणि ग्रंथालय यांची व्यवस्था केली आणि संस्थेला १०,००० पौंडांची देणगी दिली. ग्रिफिन तेथील पहिले अभिरक्षक झाले. शहराच्या त्या भागातील सामान्य रहिवाशांना वनस्पतिशास्त्राचा अभ्यास करता यावा आणि त्यातून मनाची मशागत व विरंगुळा दोन्ही साधावे, हा संस्थेचा हेतू होता. संस्थेची जाहिरात त्यांना नको होती. उद्‍घाटनाचा जाहीर समारंभही त्यांनी होऊ दिला नाही. ३१ जुलै १९१२ रोजी त्यांचे निधन झाले. ही बातमी पोहोचली तेव्हा इटाव्याचा बाजार बंद ठेवण्यात आला होता. लंडनमधील ती संस्था आजही त्याच घरात कार्यरत आहे.

चिठ्ठीची साक्ष

जुन्या नमुन्यांचा आज उपयोग काय, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर दोन उदाहरणांतून मिळते.

१८६७ मध्ये ह्यूम यांनी सतलज खोऱ्यात रामपूरजवळ एक लहानसा वटवट्या टिपला आणि त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. पुढे शंभराहून अधिक वर्षे तसा दुसरा पक्षी कोणास सापडला नाही. हा एखाद्या परिचित जातीचाच वेगळा नमुना असावा, असेही काहींना वाटे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए तपासणीने ही जात स्वतंत्र असल्याचे सिद्ध केले. मार्च २००६ मध्ये थायलंडमध्ये जिवंत पक्षी हाती आला आणि काही वर्षांतच अफगाणिस्तानातील वाखान भागात त्यांचे वास्तव्य आढळले. एका चिठ्ठीसह जपलेल्या एका कातडीमुळे हे सारे शक्य झाले.

दुसरे उदाहरण सातपुड्यातील रानपिंगळ्याचे आहे. एफ. आर. ब्लेविट यांनी १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडच्या पूर्व भागात मिळवलेल्या नमुन्यावरून ह्यूम यांनी १८७३ मध्ये या पक्ष्याचे वर्णन केले आणि त्याला ब्लेविट यांचे नाव दिले. ‘स्ट्रे फेदर्स’चे लेखक जेम्स डेव्हिडसन यांनी १८८४ पर्यंत खानदेशात त्याचे नमुने मिळवले. त्यानंतर तो दिसेनासा झाला. रिचर्ड माइनरट्झहागन या संग्राहकाने १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ तो मिळाल्याचा दावा केला होता आणि त्या दाव्यामुळे शोध भलत्याच दिशेने जात राहिला. पुढे तपासात उघड झाले, की तो नमुना डेव्हिडसन यांचाच होता. संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, खोटी चिठ्ठी लावून तो स्वतःचा म्हणून दाखवला गेला होता. खोटी नोंद बाजूला ठेवून जुन्या खऱ्या नोंदींच्या आधारे शोध घेतल्यावर पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नोव्हेंबर १९९७ मध्ये शहादा परिसरात सातपुड्याच्या पायथ्याशी जिवंत रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी झालेल्या या पुनर्शोधानंतर फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांच्या सर्वेक्षणात तो तोरणमाळ, मेळघाट आणि बुऱ्हाणपूरजवळील खकनार येथे आढळला. २०१४ मध्ये मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही त्याची नोंद झाली. त्याच्या अधिवासाच्या रक्षणाचा विचार या नोंदींमुळेच करता येऊ लागला.

समारोप

ह्यूम यांच्या कार्याकडे केवळ गौरवाच्या दृष्टीने पाहणे योग्य होणार नाही. त्यांच्या संग्रहासाठी मारले गेलेले हजारो पक्षी, मिठाच्या कुंपणातील त्यांचा सहभाग, अनामिक राहिलेले हिंदी साहाय्यक आणि देशाबाहेर गेलेला संग्रह, या सर्व गोष्टी त्यांच्या चरित्राचाच भाग आहेत. तरीही त्यांच्या आयुष्यातून एक निष्कर्ष स्पष्टपणे निघतो. त्यांचा पहिला संग्रह उठावात गेला. सातशे पक्ष्यांची जीवनवर्णने रद्दीत गेली. वीस हजार नमुने दिरंगाईत किड्यांनी खाल्ले. जे छापले गेले, जे संस्थेच्या हवाली झाले आणि ज्यावर ठिकाण व तारीख नीट लिहिलेली होती, तेवढेच शिल्लक राहिले.

महाराष्ट्रात आणि त्याच्या सीमावर्ती भागांत अनेक कुटुंबांत, दर्ग्यांत, मदरशांत, वाड्यांत आणि जुन्या शाळांत आजही हस्तलिखिते, बाडे, शेतीच्या व हकिमी औषधी वनस्पतींच्या वह्या पडून आहेत. त्यांचे वाचक कमी होत आहेत आणि वाळवीला व रद्दीवाल्याला त्यांचे मोल कळत नाही. सिमल्याच्या संग्रहालयातील चोरी कित्येक महिने कोणाच्या ध्यानात आली नव्हती. आपल्याकडच्या बाडांची यादीच झालेली नसेल, तर त्यांतील एखादे नाहीसे झाल्याचे कधीच ध्यानात येणार नाही. म्हणून प्रत्येक शिक्षणसंस्थेने आपल्या परिसरातील अशा कागदांची यादी करणे, प्रत्येकावर ठिकाण, काळ आणि ज्याच्याकडून ते मिळाले त्याचे नाव लिहिणे, हे काम तातडीने हाती घेणे आवश्यक आहे. ह्यूम यांच्या काळात चिठ्ठीवर जे नाव येत नसे, ते सांगणाऱ्याचे नाव या यादीत प्रथम यावे.